आईचं लाल कुलूप

माझा मामा आईचं कुलूप कापायला निघाला होता. सख्खा मामा! हे लिहितानाही डोक्यात तिडीक जातेय.

आई एका मोठ्या लाँड्रीत इलेक्ट्रिशियन आहे आणि मामा तिथला मॅनेजर. आधी तोही वायरमनच होता. वाळवण्याच्या मशीनमध्ये हात घालायचा तर पॅनेलरूममध्ये जाऊन त्याचा ब्रेकर पाडायचा, दांडा वर जाऊ नये म्हणून त्याला लोखंडी पकड लावायची, तिच्यात आपलं कुलूप अडकवायचं आणि किल्ली आपल्याच खिशात ठेवायची, हे आईला त्यानंच शिकवलं. पकडीला बरीच भोकं असतात. जितकी माणसं कामाला, तितकी कुलपं. शेवटचं निघाल्याशिवाय वीज नाही.

शाळा सुटल्यावर मी आईला शोधत पॅनेलरूममध्ये डोकावले, तर मामाच्या हातात करवत.

"मामा, काय करतोयस?"

"गाडी चादरींसाठी खोळंबलीय. तुझी आई कुलूप लावून गेली कुठेतरी उंडारायला. फोनसुद्धा इथेच टाकलाय."

"कुलूप आहे म्हणजे ती मशीनमध्ये आहे!"

"मी आत्ताच हाका मारल्या. कोणी नाहीये."

"बाकीच्या मशीनच्या पंख्यांच्या आवाजात तुझ्या हाका ऐकू येणारेत?"

"शहाणी आहेस. जा, बघून ये."

जा म्हणे! मी पाठ फिरवली की हा करवत चालवणार, हे न कळायला मी काय कुक्कुलं बाळ आहे? मी दप्तरातून सायकलच्या साखळीचं कुलूप काढलं, आईच्या लाल कुलपाशेजारच्या भोकात घातलं, खटकन लावलं आणि ब्रेकरला पाठ टेकून उभी राहिले.

"आता दोन काप. आधी मला हलव."

"अगं ए भवाने! खेळ वाटला का तुला?"

"खेळ तू मांडलायस!" आणि मी असा गळा काढला की इस्त्रीवाल्या काकू धावत आल्या. "काकू, आईला बघा! वाळवणीच्या मशीनमध्ये!"

काकू गेल्या आणि आईला घेऊनच आल्या. आईच्या केसांत कापसाचा भुगा, खांद्यापर्यंत काळं ग्रीस. सगळा हात आत घालून बसली होती ती. मामानं करवत पाठीमागे लपवली. लपवली!

"मला वाटलं, तू दुकानात गेलीस," तो म्हणाला.

"वाटलं?" आई एवढंच म्हणाली. मला हवं होतं तिनं ओरडावं, ती करवत हिसकावून फेकावी. तिनं शांतपणे आपलं कुलूप काढलं आणि स्क्रू-ड्रायव्हर त्याच्यापुढे धरला. "एक वायर कसायची राहिलीय. एवढी घाई आहे ना, तूच कस."

काकू बघत होत्या. नाही कसं म्हणणार? मामानं बाह्या सरसावल्या, दारापर्यंत गेला आणि परत फिरला. माझ्यापुढे हात केला.

"तुझं कुलूप राहू दे तिथे. किल्ली दे."

"का? मला वाटलं, तुला लागत नाही कुलूप."

"दे गं."

आईनं डोळ्यांनीच खुणावलं, म्हणून दिली. त्यानं ती वरच्या खिशात टाकली, बटण लावलं. मग माझं एवढंसं कुलूप ओढून बघितलं. एकदा नाही, दोनदा. आपला हात आत जायचा म्हटल्यावर बरं सगळं आठवलं!