अडतीस किलोमीटरवर पहिला मुक्काम

रविवारी सकाळी बाबांनी जुन्या कॅलेंडरचं पान जेवणाच्या टेबलावर उलटं पसरलं आणि जाड काळा मार्कर माझ्या हातात दिला.

"लिही," ते म्हणाले. "किनाऱ्याचा रस्ता. तीन रात्री, तीन कॅम्पसाइट. तंबू आहे, स्टोव्ह आहे. फक्त आखायचं राहिलंय."

मी लिहायला बसले. हल्ली कोणी काही सांगितलं की मी ते करते. आई जाऊन चार महिने झाले, तेव्हापासून असंच चाललंय. मला रडू आलं नाही. आठवड्याभरात मी कामावर हजर झाले तेव्हा दुकानाचे मालक म्हणाले, "किती धीराची आहेस!" धीर कसला डोंबलाचा? आत काही हलतच नव्हतं.

मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. बाबा म्हणूनच मला डॉक्टरीणबाई म्हणतात. त्यांनी स्वतः तीस वर्षं बस चालवली, त्यातली निम्म्याहून जास्त या किनाऱ्याच्या रस्त्यावर. दरवर्षी ते दुकानात येतात, खुर्चीत बसतात आणि भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा म्हणतात. पाठ केलेला असतो. मी त्यांना चोर म्हणते, भांडते आणि दुसरा तक्ता लावते. मालकही हा तमाशा बघायला काउंटर सोडून येतात.

गेल्या सोमवारी दुसरा तक्ता आधीच लावलेला होता. बाबांनी जुनाच म्हणून दाखवला. एकही अक्षर जुळत नव्हतं. त्यांच्या डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजलाय, मशीनवरच्या फोटोत ते स्वच्छ दिसत होतं. चष्म्याने सुधारण्यातलं ते नाही. मी कार्डावर 'ठीक' असं लिहिलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली.

ही काही माया नव्हती. बाबांनी गाडी चालवायची नाही म्हटलं की चालवायला घरात उरते मी. आणि ज्या दुपारी आईला हॉस्पिटलात नेलं, त्यानंतर मी स्टिअरिंगला हात लावलेला नाही. दोन बस बदलून दुकानात जाते. किनाऱ्याच्या रस्त्याला एका बाजूला कडा आणि एका बाजूला पाणी आहे, हे मला कळत होतं. कळूनही तोंड उघडत नव्हतं.

"पहिला मुक्काम," बाबा डोळे मिटून सांगायला लागले. "दीपगृहाच्या अलीकडे डाव्या हाताला उतार आहे. खाली झाडी, पाण्याचे दोन नळ. एक गळतो. अडतीस किलोमीटर."

"अडतीस? बाबा, एवढ्यात थर्मासचं झाकणसुद्धा उघडायचं नाही."

"लिही म्हटलं ना."

दुसरा मुक्काम तिथून पुढे पंचावन्न किलोमीटरवर, तिसरा त्याच्याही पुढे एकाहत्तर किलोमीटरवर. रोज नऊला निघायचं आणि बाराच्या आत तंबू ठोकायचा. मी लिहीत गेले आणि मनात म्हटलं, म्हणजे यांना ठाऊक आहे तर. डोळ्यांवर ऊन नको, अंधार नको, थोडं थोडं अंतर कापायचं आणि पाठ असलेल्या रस्त्यावर कसंबसं निभावून न्यायचं. पक्के चोर. मला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली. मग तीही विरून गेली.

पहिल्या कॅम्पसाइटचा फॉर्म फोनवर भरायचा होता. माणसं दोन, तंबू एक, गाडीचा नंबर. पुढे वाहनचालकाचं नाव.

"काय लिहिलंस?" बाबांनी विचारलं.

"तुमचं नाव."

"काढ ते. तुझं लिही."

मी वर बघितलं. बाबा माझ्या कानाच्या जरा पलीकडे बघत होते. मधोमध दिसेनासं झालं की माणसं असं बाजूला बघायला आपसूक शिकतात. ते मलाच बघत होते.

"सोमवारी तू मला पास केलंस," ते म्हणाले. "दरवर्षी रंगेहाथ पकडतेस, चारचौघांत माझी शोभा करतेस. या वेळी मला तक्ता दिसलाच नाही, तरी ठीक. मी घरी येऊन विचार केला. माझे डोळे गेलेत, ते मला माहीत आहे. पण म्हटलं, हिचं काय गेलंय?"

मी मार्करचं टोपण लावलं आणि काढलं.

"डेपोत कोणी लांबच्या रजेवरून परत आला ना, आजारपण असो नाहीतर अपघात, त्याला पहिल्या दिवशी लांबची गाडी देत नसत. आधी जवळची फेरी. दुसऱ्या दिवशी जरा पुढे. हात बसला की मग किनारा. ते अडतीस माझ्यासाठी नाहीत, डॉक्टरीणबाई."

"मला जमणार नाही."

"का?"

"मी सिग्नलला थांबले होते."

हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. भर दुपार होती, चौक रिकामा होता, आडवी एकही गाडी नव्हती. मागच्या सीटवर आईचं डोकं बाबांच्या मांडीवर होतं. आणि मी लाल दिवा बघून शहाण्या मुलीसारखी थांबले. दिव्यावरचे आकडे अठ्ठेचाळीसपासून खाली येत होते, ते मी एकेक करून बघितले. हॉस्पिटलच्या दारात डॉक्टर म्हणाले, नुकत्याच गेल्या. त्या अठ्ठेचाळीस सेकंदांतून मी अजून बाहेर आलेले नाही.



"ती सिग्नलला नाही गेली," बाबा म्हणाले. "त्याच्या आधी, पुलावर. पूल चढताना तिने माझा हात घट्ट धरला होता. उतरताना सुटला. सिग्नल तिथून चांगला दोन किलोमीटर पुढे आहे."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"गाडी चालवणाऱ्याला मागचं सांगायचं नसतं. मागे कोणी कोसळलं तरी कंडक्टर आधी घंटी वाजवायचा. गाडी उभी राहिली की मग सांगायचा. तू सिग्नलला थांबलीस तेव्हा मी सांगणार होतो. बघत होतो तुझ्या मानेकडे. शब्द जुळवेपर्यंत हिरवा झाला."

"आणि नंतर? चार महिने?"

"तू विचारलं नाहीस. मला वाटलं, तुला कळलेलं आहे. म्हणून गप्प आहेस."

 

"पुलावर मी काय करत होते?" मी विचारलं.

"सरळ चालवत होतीस. पुलाच्या जोडांवर गाडी उडते, तिथे आधीच वेग कमी केलास. तिला एक धक्का बसू दिला नाहीस."

पाय बधिर झाल्यावर बधिरपणा उतरताना मुंग्या येतात, तसं मला काहीतरी झालं. ते काही चांगलं वाटत नव्हतं. दुखतच होतं. मी फॉर्ममधलं बाबांचं नाव काढून माझं घातलं.

"किनाऱ्याकडे जाताना तो पूल लागतो?"

"लागतो. घरापासून चौथ्या किलोमीटरला. दुसरा रस्ता नाही, मी सगळे आठवून बघितले."

मी पान पुढे ओढलं. घर आणि पहिला मुक्काम यांच्यामध्ये मार्करने 'पूल' असं लिहिलं. तक्त्याच्या सगळ्यात वरच्या ओळीत असतं तेवढं मोठं अक्षर काढलं. मग पान त्यांच्यासमोर धरलं.

"वाचा," मी म्हटलं. "आणि पाठचं सांगू नका."

बाबांनी मान जराशी वळवली, पानाच्या कडेला नजर लावली आणि वाचलं.