सुचेताबाईंचा हेवा

शार्दूल सकाळी ट्रे घेऊन जिना चढला तेव्हा सुचेताबाई पोळ्या लाटत होत्या. तिरप्या नजरेनं त्यांनी ट्रेमधलं सगळं टिपलं. वाफाळता चहा, टोस्ट, शिवाय सालं काढून फोडी केलेलं सफरचंद. सालं काढून! या मुलाला लग्नाआधी केळं सोलून द्यावं लागायचं.

"आई, खाऊन झालं की वरदाला झोपू दे हं जरा. पहाटे परत दचकून उठली होती," तो जिन्यातून म्हणाला.

"झोपू दे की. मी कुठं अडवलंय?" असं म्हणून सुचेताबाईंनी पोळी तव्यावर अशी आपटली की काही विचारायची सोय उरली नाही.

सुनेच्या बाळंतपणासाठी त्या कराडहून ब्रिस्टलला आल्या त्याला तीन महिने झाले होते. येताना अर्धी बॅग अळीव, डिंक आणि बाळंतशेपा यांनी भरलेली होती. सहा महिन्यांच्या व्हिसावर सासूपणाची सगळी हौस फेडून घ्यायची असा बेत होता. पण आयत्या वेळी बाळ पायाळू निघालं, ऑपरेशन करावं लागलं आणि वरदाचं रक्त थांबेना. डॉक्टरांनी शर्थ केली. स्वराली सुखरूप आली, वरदाही वाचली. या गोष्टीला नऊ आठवडे झाले. टाके कधीच सुकले होते.

वरदा मात्र तिथंच अडकली होती. वॉशिंग मशीननं काम संपल्याचा आवाज केला तरी ती पांढरीफटक पडायची. हॉस्पिटलवरून जाणारी बस ती टाळायची आणि त्यापायी दोन बस बदलून जायची. बाळाच्या तपासणीची एक वेळही तिनं अशीच चुकवली होती. "मी ठीक आहे," असं दिवसातून दहा वेळा म्हणायची आणि बाथरूममध्ये नळ सोडून रडायची. शार्दूल ऑफिसातून लवकर यायचा, भांडी घासायचा, तिच्या पलंगाशी जमिनीवर गादी टाकून झोपायचा. सुचेताबाईंचा नुसता तिळपापड व्हायचा.

लहान बाळांच्या घरी जाऊन पाहणी करणारी आशा नावाची बाई आली, तेव्हा तर कळसच झाला. ही आशा इंग्लंडातल्याच स्लाऊ गावात जन्मलेली आणि वाढलेली. आजी-आजोबांकडून मिळालेली मराठी ती हौसेनं वापरायची. सगळ्यांना बसवून तिनं समजावलं, "याला पोस्ट-ट्रॉमॅटिक स्ट्रेस म्हणते. इट्स नॉट वीकनेस, ओके? आपला बाकी मेमरी जुना होतो ना, तसा हा होत नाही. वरदाच्या बॉडीला वाटते की ते आत्ताच होतोय. पण ट्रीटमेंट आहे, आणि खूप चांगला आहे. मी क्लिनिकला नाव पाठवते. घरी लेटर येईल. दोन आठवड्यांच्या आत फोन करायचा, नाहीतर त्यांना वाटेल की गरज नाही."

मग वरदाचा हात हातात घेऊन ती म्हणाली, "तुझ्यावर फार मोठा प्रसंग आला. तू एकटी नाही."

सुचेताबाई उठून स्वयंपाकघरात गेल्या. मनात जे आलं त्याला दुसरं नाव नव्हतं. तो हेवा होता, चांगला कडकडीत. हिचं बाळ पाळण्यात हातपाय झाडतंय, मग हिच्यावर कसला प्रसंग आला?

एकोणीसशे सत्त्याऐंशी साली कराडमध्ये सुचेताबाईंचंही एक बाळंतपण झालं होतं. नऊ महिने पुरे भरलेले होते आणि बाळ रडलं नाही. मुलगी आहे एवढं कुणीतरी बोललं. तिला फडक्यात गुंडाळून नेताना सुचेताबाईंनी मान उचलली, तर सासूबाईंनी कपाळावर हात दाबून ती खाली ठेवली. "बघू नकोस. बघितलं की जीव अडकतो." यजमान शशिधरराव पोरीला पुरून आले, अंघोळ केली आणि त्या विषयावर पुन्हा अवाक्षर बोलले नाहीत. तेराव्या दिवशी सुचेताबाई चुलीशी होत्या आणि दीड महिन्यानं पोस्टाच्या खिडकीत तिकिटं विकत होत्या. पुढं गल्लीत कुणाचं डोहाळजेवण असलं की बायका गोड आवाजात म्हणायच्या, "सुचेता, तू जरा मागं बस गं." ओटी भरायला त्यांना कुणी पुढं बोलवायचं नाही. शार्दूल झाल्यावर बोलावू लागल्या, पण सुचेताबाई काही ना काही निमित्त काढून टाळायच्या. आपल्याला मोठी बहीण होती हे शार्दूलला आजतागायत ठाऊक नव्हतं.

आपल्याकडची ही रीत मोठी सोयीची आहे. बाईला बघू द्यायचं नाही, बोलू द्यायचं नाही, आणि ती गप्प राहिली की म्हणायचं, किती खंबीर आहे!

दहा दिवसांनी दारातल्या फटीतून ते पत्र आत पडलं. सुचेताबाईंनी पोस्टात बत्तीस वर्षं नोकरी केली होती. पूर आला, संप झाला, पण कुणाचं साधं कार्डही त्यांनी अडकवून ठेवलं नव्हतं. दुसऱ्याचं पाकीट उजेडाला धरणाऱ्या एका शिपायाला त्यांनी भर ऑफिसात फैलावर घेतलं होतं. त्याच सुचेताबाईंनी वरदाच्या नावाचं पाकीट फोडलं, उभ्या उभ्या वाचलं, आणि ते आपल्या बॅगेत रेशमी साडीच्या घडीत सरकवलं. आम्ही नाही का उभ्या राहिलो? हीही राहील आपोआप. मनाला त्यांनी असं समजावलं. खरं एवढंच होतं की जे आपल्याला मिळालं नाही ते हिला मिळालेलं त्यांना बघवत नव्हतं.

दोन आठवडे गेले, तीन गेले. वरदा रोज दाराशी जाऊन पाहायची.

"आई, माझं काही आलं का हो?"

"नाही बाई. जाहिराती नुसत्या."

मग तिनं विचारणं सोडलं, आणि थोड्या दिवसांनी जेवणंही जवळजवळ सोडलं.

पायाळू बाळाचे खुबे तपासायला हॉस्पिटलनं पुन्हा वेळ दिली होती. त्या दिवशी शार्दूलला सुट्टी मिळेना, म्हणून सुचेताबाई सोबत गेल्या. लिफ्टमधून बाहेर पडून दोघी कॉरिडॉरमध्ये आल्या, तेवढ्यात समोरून एक रिकामी खाट खडखडत आली. वरदानं बाळ सासूच्या हातात जवळजवळ ढकललं आणि भिंतीला टेकून ती खाली बसली.

"आई, रक्त थांबत नाहीये," ती म्हणाली. "त्यांना सांगा ना. मला थंडी वाजतेय. थांबत नाहीये."

फरशी स्वच्छ होती. वरदाचे कपडे कोरडे होते. पण तिचे डोळे काहीतरी भलतंच पाहत होते, आणि सुचेताबाईंना ती नजर ओळखू आली. पोस्टात एकदा एक बाई दुपट्यात गुंडाळलेलं बाळ घेऊन खिडकीशी आली होती, आणि सुचेताबाईंना कपाळावर तो हात दाबलेला जाणवला होता, खराखुरा, जड. हातातली नाणी सांडली होती. मग मागच्या खोलीत जाऊन त्यांनी तोंडात पदर कोंबला होता. ते काही एकदा झालं नव्हतं, गेली अडतीस वर्षं होत होतं. म्हणजे आशा म्हणाली तो आजार आपल्याही अंगात आहे, आणि आपण त्याला स्वभाव समजत आलो.

एक नर्स आली. वरदासमोर जमिनीवर बसून तिनं हलक्या आवाजात तिला वार सांगितला, जागा सांगितली, बाळ कुठं आहे ते दाखवलं. हळूहळू वरदाचा श्वास जागेवर आला. यासाठी तू कुणाला भेटतेस का, असं नर्सनं विचारलं.

"दे नेव्हर रोट टू मी," वरदा म्हणाली. "आय थिंक आय वॉजन्ट बॅड इनफ."

आपण पुरेशा आजारी नाही म्हणून कुणी लिहिलं नाही, असं पोर समजून बसली होती. सुचेताबाईंना हे इंग्रजी पक्कं समजलं.

तपासणी झाली, बाळाचे खुबे उत्तम निघाले. घरी पोचल्यावर सुचेताबाईंनी शार्दूलला फोन करून बोलावून घेतलं आणि तो आल्यावर पाकीट टेबलावर ठेवलं.

"हे महिन्यापूर्वी आलं. मी लपवलं."

शार्दूलला क्षणभर अर्थच लागेना. "आई, तू? अगं, का?"

"हिचा हेवा वाटला म्हणून."

वरदा उठली. स्वरालीला तिनं सासूच्या मांडीवरून उचललं. "मी रोज तुम्हाला विचारत होते, आई. रोज," असं म्हणून ती वर निघून गेली. हाक मारायचं धाडस दोघांचंही झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या ठोक्याला सुचेताबाईंनी पत्रातला नंबर लावला. पोस्टात कमावलेल्या खणखणीत इंग्रजीत त्यांनी सांगितलं की चूक पेशंटची नाही, पत्र मी अडवलं होतं. पलीकडच्या माणसानं वरदाला फोनवर बोलवायला सांगितलं. वरदा आली, बोलली, पाच आठवड्यांनंतरची वेळ मिळाली. फोन ठेवून ती जायला वळली आणि थांबली.

"माझा कसला हेवा वाटला तुम्हाला?" तिनं विचारलं. आवाजात राग होता, पण विचारलं होतं.

सुचेताबाईंनी सांगितलं. सासूबाईंचा हात, फडकं, डोहाळजेवणातली मागची जागा, सगळं. शार्दूल दारात उभा राहून ऐकत होता. आईला जवळ घ्यावं की तिच्यावर चिडावं हे त्याला कळत नव्हतं.

"कशी होती ती?" वरदानं विचारलं.

"माहीत नाही गं. मला दाखवली नाही."

वरदा खुर्ची ओढून समोर बसली. मग म्हणाली, "मी तुम्हाला अजून माफ नाही केलेलं. पण बाबांना व्हिडिओ कॉल लावा. त्यांनी तर पाहिलंय ना तिला?"

कराडला तेव्हा दुपार झाली होती. जेवण आटोपून शशिधरराव पेपर वाचत बसले होते. बायकोनं विषय काढताच त्यांनी चष्मा काढला. "अगं, आता कशाला ते? पोराला कशाला सांगितलंस? झालं गेलं ते..."

"ते गेलं नाही. माझ्यातच आहे," सुचेताबाई म्हणाल्या. "आणि आता ऐका. मी आल्यावर गल्लीत कुणाचंही डोहाळजेवण असू दे, मी जाणार, पुढं बसणार आणि ओटी भरणार. जिचं बाळ गेलंय तिलाही शेजारी बसवणार. मुलं किती, असं कुणी विचारलं तर दोन सांगणार. तुम्ही एक म्हणालात, तर चारचौघांत तुम्हाला खोटं पाडीन."

पडद्यावर शशिधरराव हलेनात. शार्दूलला वाटलं फोनच अडकला.

"दोनच," ते शेवटी म्हणाले. त्यांचा आवाज ओळखू येत नव्हता. "केस होते गं तिला. खूप, कपाळावर आलेले. एक मूठ फडक्याबाहेर आली होती. मला ती आत सारवेना. मी तसाच बसून राहिलो होतो, ती मूठ धरून. लोक म्हणाले, आता ऊन चढतंय, उठा."

एवढं बोलून तो सत्तर वर्षांचा माणूस लहान मुलासारखा रडू लागला. अडतीस वर्षांत त्यालाही कुणी विचारलं नव्हतं.

सुचेताबाईंनी फोन दोन्ही हातांत घट्ट धरला.

"आणखी सांगा," त्या म्हणाल्या.