बेकरीसमोरचे चाळीस मीटर

स्तुदेनोये गावात डांबर नोव्हेंबरात पडायचं, बर्फाच्या जोडीनंच. मंजुरी उन्हाळाभर वरच्या कचेरीत घोरत पडे, आणि वर्ष संपायच्या आत काम दाखवायचं म्हटलं की सगळ्यांची तारांबळ उडे. मग मजूर फावड्यानं बर्फ सारत, वाफाळतं डांबर ओतत आणि नगरप्रमुख गेरमान लुकिच फीत कापत. एप्रिलमध्ये तोच रस्ता नांगरलेल्या शेतासारखा दिसे.

रस्त्याचा मुकादम तिखोन सावेलिच याला कारण तोंडपाठ होतं. खालची चिकणमाती पाणी धरून बसते, ते गोठून फुगतं, रस्त्याला वर उचलतं आणि वितळलं की खाली नुसता चिखल. वरून एक ट्रक गेला की संपलं. "माती काढा, वाळू भरा, कडेला चर खणा," असं तो एकतीस वर्षं सांगत होता. पालथ्या घड्यावर पाणी! आपल्या हातचा एक तरी रस्ता हिवाळा काढून धडधाकट राहिलेला पाहावा, एवढीच बिचाऱ्याची इच्छा, आणि निवृत्तीला उरलं होतं एक वर्ष.

सप्टेंबरात त्यानं गावचं एकुलतं एक खोदाई यंत्र बेकरीसमोर लावलं.

"काय खणतोयस रे, सावेलिच?" गेरमान लुकिचनी गाडीतूनच विचारलं.

"फुटलेला पाइप शोधतोय."

"बरं, शोध."

पाइप फुटणं गावात इतकं रोजचं, की पुढं पंधरा दिवस कुणी फिरकलं नाही.

एप्रिल आला. रस्ता नेहमीप्रमाणे उखडला, पण बेकरीसमोर चाळीस मीटर सपाट! बायका मुद्दाम तिथं बाबागाड्या फिरवायला येऊ लागल्या. तिखोन टाचा आपटत तीनदा चालून गेला. डोळे भरून आले, ते त्यानं पुसलेही नाहीत.

मग रस्ते तपासायला वरच्या कचेरीची समिती आली आणि गेरमान लुकिच तांबडेलाल झाले.

"हे काय केलंस?"

"रस्ता."

"नकाशात वाळू आहे? चर आहे? लोक विचारतायत, बाकीचा असा का नाही! रस्ता कसा सगळा एकसारखा हवा. उद्या वाळू काढ, चर बुजव."

"त्यापेक्षा बाकीचाच असा केला तर?"

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

तिखोननं खिशातून यंत्राची चावी काढून त्यांच्या गाडीवर ठेवली. "ही घ्या. बुजवायचा तर तुम्हीच बुजवा. माझ्या हातून व्हायचं नाही."

त्याच दिवशी त्याची नोकरी गेली. यंत्र चालवणारा दुसरा माणूस गावात नव्हता, आणि नवा शोधायचे कष्ट कुणी घेतले नाहीत. अकलेनं नाही, आळसानं रस्ता वाचवला.

पुढच्या एप्रिलला तिखोन पाव आणायला गेला. चाळीस मीटर जसेच्या तसे होते. कडेला नवी पाटी होती: 'आदर्श रस्ता. नगरप्रमुख गेरमान लुकिच यांच्या मार्गदर्शनाखाली.'

तिखोननं ती दोनदा वाचली. तेव्हा चर बुजवला असता तर बरं झालं असतं, असं त्याला पहिल्यांदाच वाटलं.