ब्रेकवरचा पाय

आमच्या ह्यांनी आयुष्यात एकच हट्ट केला आणि तोही साठी उलटल्यावर, म्हणून मला जास्त राग आला. तरुणपणी केला असता तर भांडून मोडून काढता आला असता. या वयात नवऱ्याशी भांडायचं म्हणजे आधी त्याच्या गोळ्यांची वेळ बघावी लागते.

हट्ट एका लाल गाडीचा होता. दोन माणसांची, वरून उघडी, पोट जमिनीला घासेल इतकी बुटकी विलायती स्पोर्ट्स गाडी, वयानं जवळपास आमच्याच एवढी. हे नांदेडला वीज खात्यात नवीन इंजिनिअर म्हणून लागले तेव्हा समोरच्या डॉक्टरांकडे ती होती. डॉक्टर संध्याकाळी ती बाहेर काढत आणि हे खोलीच्या खिडकीतून बघत. लग्नानंतर मला हे पुष्कळदा ऐकावं लागलं. पुढे डॉक्टर गेले, गाडी मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये कोंबड्यांच्या ताब्यात गेली. घर मोकळं करताना डॉक्टरांच्या मुलानं ह्यांना गाडी घेता का म्हणून विचारलं, आणि ह्यांनी मला न विचारता हो म्हणून टाकलं.

नांदेडच्या व्यंकटी मिस्त्रीच्या गॅरेजमध्ये गाडी उभी राहिली. इंजिन सुरू झालं त्या दिवशी हे मला लातूरहून मुद्दाम बघायला घेऊन गेले. व्यंकटीनं आवारात एक चक्कर मारून दाखवली. ब्रेक दाबल्यावर गाडीनं थोडा वेळ विचार केला आणि मग डावीकडे तोंड फिरवून ती कशीबशी थांबली. चारही चाकांना जुने ड्रम ब्रेक होते. मी तिथल्या तिथं सांगून टाकलं, पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसल्याशिवाय मी या गाडीत पाय ठेवणार नाही.

हे हसले नाहीत, याचंच मला नवल वाटलं. कारण ब्रेक आणि मी हा आमच्या घरातला जुना विनोद. हे गाडी चालवत असले की मी डावीकडे बसून पायानं जमीन दाबत असते. समोर म्हैस दिसली की दाबते, ट्रक दिसला की दाबते. आमच्या पांढऱ्या गाडीतलं माझ्या बाजूचं मॅट टाचेखाली झिजून भोक पडलं, तेव्हा ह्यांनी ते काढून पाहुण्यांना दाखवलं होतं. "तिथं ब्रेक न्हाई, विमल," हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन. मला गाडी येत नाही अशातला भाग नाही. मुरुडच्या शाळेत शिक्षिका होते तेव्हा लातूरहून रोज मीच चालवत जात होते, आणि शिकवलंही ह्यांनीच. पण दोघं बरोबर असलो की स्टेअरिंग ह्यांचं, हे न बोलता ठरलेलं होतं.

तर त्या दिवशी हे हसले नाहीत. उलट म्हणाले की डिस्क तर बसवूच, शिवाय बूस्टरही बसवू, म्हणजे पेडल हलकं होईल. लग्नापासून माझं कुठलंच म्हणणं इतक्या लवकर मान्य झालं नव्हतं. मी खुशीत घरी आले आणि सृष्टीला, म्हणजे आमच्या नातीला, कौतुकानं सांगितलं की आजोबा सुधारले.

काम दिवाळीपर्यंत चाललं. आजच्या एका छोट्या गाडीच्या डिस्क घेतल्या, त्या जुन्या चाकाच्या आत बसाव्यात म्हणून लेथवर पट्ट्या कातून घेतल्या, इंजिनाशेजारच्या कोपऱ्यात बूस्टरचा डबा बसला. जुने ड्रम व्यंकटीनं पोत्यात गुंडाळून ठेवून दिले. अडलं ते शेवटी, हवा काढण्यापाशी.

ब्रेकच्या नळ्यांत तेल भरताना हवा राहते. ती काढायला दोन माणसं लागतात. एकानं आत बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं चाकापाशी बसून हवा सोडायचं निपल सैल करायचं, हवेचे बुडबुडे बाहेर आले की ते घट्ट करायचं आणि मगच "सोडा" म्हणायचं. त्याआधी पेडल सुटलं तर बाहेरची हवा उलटी आत जाते. कुठल्याही गॅरेजात हे काम हाताखालचा माणूस करतो. व्यंकटीचा मात्र नियम होता. गाडी जो चालवणार त्यानंच हवा काढायला पेडलवर बसायचं. आपला ब्रेक किती खाली जातो आणि कुठं धरतो हे त्याच्या पायाला ठाऊक पाहिजे, असं त्याचं म्हणणं. हा नियम त्यानं ट्रकवाल्यांनासुद्धा लावला होता.

हे दोनदा नांदेडला जाऊन पेडलवर बसून आले आणि दोन्ही वेळा पेडल मऊच राहिलं. व्यंकटीनं वायसर बदलले, एक नळी बदलली, तेल विकणाऱ्याला शिव्या दिल्या. तिसऱ्या वेळी मी म्हणाले, मीही येते. आम्ही एसटीनं गेलो. पांढऱ्या गाडीनं जाऊ म्हटलं तर हे म्हणाले, बसमध्ये निवांत बसता येतं.

गॅरेजात लिंबाच्या सावलीला मला स्टूल दिलं होतं. तिथून गाडीच्या उघड्या दारातून ह्यांचा पाय दिसत होता. व्यंकटी पुढच्या चाकापाशी आडवा झाला होता, त्याला काही दिसत नव्हतं. तो म्हणाला, "मारा. मारा. आता धरा." ह्यांनी दोनदा पेडल मारून दाबून धरलं. पोटरी थरथरायला लागली. मग ह्यांनी इकडंतिकडं बघून उजवा हात गुडघ्यावर ठेवला आणि वरून दाबला. तरी व्यंकटीच्या "सोडा"च्या आधीच पाय वर आला. पुन्हा तसंच झालं, आणि पुन्हा.

मी स्टुलावर बसूनच राहिले. गेल्या पावसाळ्यात सृष्टीला क्लासला सोडायचं ह्यांनी बंद केलं, ट्रॅफिक लई वाढलं म्हणून तिला रिक्षा लावून दिली, तेव्हा मी ह्यांना आळशी म्हटलं होतं. पांढरी गाडी महिनोन्‌महिने दारात धूळ खात होती. आज आम्ही एसटीनं आलो होतो. आणि बूस्टर माझ्यासाठी नव्हताच. पेडल हलकं झालं की आपल्या पायाला झेपेल, या आशेवर हा माणूस इतके महिने नांदेडच्या फेऱ्या मारत होता आणि मी घरी बसून माझी अट मान्य झाली म्हणून मिरवत होते.

मला राग आला. इतकं लपवायचं, तेही माझ्यापासून? आणि त्याच वेळी त्या गुडघ्यावर ठेवलेल्या हाताकडं बघून रागावताही येईना. व्यंकटी उठून बसला होता आणि म्हणत होता की आता पेडलमागचा मास्टर सिलिंडरच बदलावा लागंल, त्याच्यातच खोट दिसून राहिली. हे मान खाली घालून ऐकत होते. खरं सांगण्यापेक्षा नवा सिलिंडर आणायला ते तयार झाले असते, हे मला कळत होतं.

मी उठले. "सरका जरा," मी म्हणाले. "त्या सीटवर तुमची पाठ धरते. मी बसून बघते."

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मी पाय बघितला हे त्यांना कळलं, आणि मला कळलं हे त्यांना कळल्याचं मलाही कळलं. ते उतरले. उतरताना दाराला धरून उभे राहिले, तेव्हा उजवं पाऊल जरा फरपटत गेलं. असं ते कधीपासून चालत होतं, देव जाणे.

व्यंकटी कुरकुरला. "बाई, माझा नियम हाय. चालवणाऱ्याचाच पाय लागतो."

"मला चालवता येतं," मी म्हणाले.

एवढ्या बुटक्या गाडीत साडी सांभाळून बसणं हे काही साधं काम नव्हे. मी चप्पल काढली आणि अनवाणी पायानं पेडल दाबलं. तो धरा म्हणाला की धरलं, सोडा म्हणाला की सोडलं. चारही चाकं झाली, आणि हळूहळू पायाखालचं ते मऊ मऊ गेलं आणि पेडल घट्ट झालं. व्यंकटीनं हात पुसले आणि सिलिंडर चांगलाच होता की, असं स्वतःशीच म्हणाला.

मग चक्कर मारायची वेळ आली. मी उतरून बाजूला झाले. हा निवाडा मी करणार नव्हते. घरात मी पुष्कळ गोष्टींचा निवाडा करते, पण हा माझा नव्हता. हे आत बसले, इंजिन सुरू केलं. बूस्टरमुळं पेडल खरोखरच हलकं झालं होतं. आवारात ह्यांनी एक चक्कर मारली आणि लिंबापाशी ब्रेक दाबला. गाडी सरळ रेषेत, न कुरकुरता थांबली. व्यंकटीनं टाळी वाजवली. दुसरी चक्करही तशीच झाली. ह्यांचा चेहरा खिडकीतून गाडी बघणाऱ्या त्या तरुण इंजिनिअरसारखा झाला होता, आणि माझ्या मनात आलं, जाऊ दे, काही बोलायचंच नाही.

तिसऱ्या चकरेला मला दिसलं. ब्रेक दाबायच्या आधी दर वेळी ह्यांची नजर समोरून निघून खाली पायाकडं जात होती.

गाडी माझ्यासमोर येऊन थांबली. इंजिन चालूच होतं. हे दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवून बसून राहिले. नंतर व्यंकटीला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, "विमल, खाली बघितल्याबिगर पाय कुठं हाय ते कळत न्हाई मला."

"कधीपासून?"

"उन्हाळ्यापासून." मग म्हणाले, "मला वाटलं, पेडल हलकं झालं की भागंल. पण ह्यात ब्रेकचा काय दोष न्हाई. ब्रेक चांगले झालेत."

डॉक्टरकडं का नाही गेलात, मला का नाही सांगितलं, हे सगळं माझ्या तोंडाशी आलं होतं. नंतर त्यातलं सगळं मी विचारलंच, दोन दिवस विचारत होते आणि तिसऱ्या दिवशी ओढत दवाखान्यात नेलं. पण त्या क्षणी मी दारापाशी नुसती उभी राहिले. हे हँडब्रेक ओढून उतरले, बॉनेटला धरत गाडीला वळसा घालून डाव्या बाजूला गेले आणि बसले. कोणी ढकललं नाही की हात धरून नेलं नाही. या माणसाचा मला इतका अभिमान कधी वाटला नव्हता, आणि इतकं वाईटही.

व्यंकटी मधे उभा राहून आमच्या दोघांकडं बघत होता. मग त्यानं लाल बॉनेटवर एकदा फडकं फिरवलं आणि मला म्हणाला, "नियम मोडला न्हाई म्हणायचा तर."

नांदेड सुटलं. दोन्ही बाजूंना तूर पिवळी पडत आली होती. इतक्या खाली बसून रस्ता बघायची सवय नसल्यानं मी हळूच चालवत होते. लोक मोटारसायकली हळू करून बघत होते, एका बाईनं तर डोक्यावरची पाटी सावरत मला हात केला. हे समोरच्या रस्त्यावर नजर लावून बसले होते. 

लोह्याच्या अलीकडं एका वाटेवरून ट्रॅक्टर एकदम रस्त्यावर आला. मी ब्रेक दाबला. गाडी सरळ आणि वेळेत थांबली, ट्रॅक्टरवाला सावकाश पलीकडं निघून गेला. मी श्वास सोडला आणि डावीकडं बघितलं. ह्यांचा उजवा पाय पुढं जाऊन गाडीच्या पत्र्यावर रेटून बसला होता आणि दोन्ही हातांनी ह्यांनी गुडघा दाबून धरला होता.

ते वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. इतकी वर्षं ऐकलेलं वाक्य, परत करायची याहून चांगली संधी मिळणार नव्हती. पण ते काही तोंडातून निघालं नाही.

ह्यांनीच आपल्या पायाकडं बघितलं. पाय हळूहळू मागं घेतला. मी गिअर टाकला, गाडी पुढं निघाली, आणि लोह्याचा चहाचा स्टॉल दिसायला लागला तेव्हा हे म्हणाले, "व्यंकटीला फोन करून सांग. ह्या बाजूला एक जाड मॅट टाकायचं राहिलंय."