सुनौलीच्या पुढे रेंज नाही

उर्वशी पाच वर्षांची झाली तेव्हापासून घरातली सगळी बोलणी तिच्या हातांतून आणि तोंडातून जात आली होती. तिची आई ममता आणि बाबा धम्मरत्न, दोघंही लहानपणापासून बहिरे. दोघांची ओळख मूकबधिर मुलांच्या शाळेत झाली, आणि लग्न करून ममता यवतमाळ जिल्ह्यातल्या नेरला आली. ती घरीच शिलाई करायची. धम्मरत्न जिनिंगमध्ये कामाला होते. कापसाच्या मोसमात तिथल्या मशीनींचा आवाज असा, की ऐकू येणारी माणसंही तिथं खुणेनंच बोलत. त्यामुळे कामावर त्यांचं कधी अडलं नाही. अडायचं ते दवाखान्यात, तलाठ्याकडे, वीजबिलाच्या खिडकीवर. तिथं पोरगी मधे उभी राहायची.

घरात चौथी होती आजी, इंदूबाई. तिला चांगलं ऐकू यायचं आणि ती बोलायचीही दोघांच्या वाट्याचं. पण वीस-बावीस वर्षांत तिनं हातांची भाषा काही शिकून घेतली नाही. "माह्या बोटायले या वयात कायले वळण लावता," असं म्हणायची. जेव, ये, झोप, पाणी आण, एवढ्या चार-दोन खुणांवर सासू-सुनेचा संसार चालायचा. त्यापलीकडचं काही असलं की यवतमाळला व्हिडिओ कॉल. उर्वशी तिथं खोली करून नर्सिंगला होती. ममता पडद्यावर हातवारे करायची, उर्वशी ते आजीला बोलून सांगायची, आजी बोलायची, उर्वशी ते आईला हातांनी सांगायची. दोघी एकाच चुलीपाशी, आणि त्यांचं बोलणं मात्र यवतमाळवरून फिरून यायचं.

त्या जानेवारीत इंदूबाई लुंबिनीला निघाली. वस्तीतल्या उपासक मंडळाची बस होती, बत्तीस माणसं, बारा दिवस. बोधगया, सारनाथ, कुशीनगर आणि मग सीमेपलीकडे लुंबिनी. इंदूबाईचे गुडघे दुखायचे म्हणून ममता सोबत गेली. धम्मरत्नना ऐन हंगामात सुटी मिळणार नव्हती. बाबा एकटे राहतील म्हणून उर्वशी अभ्यासाची पुस्तकं घेऊन नेरला आली. दहा दिवसांवर तिची परीक्षा होती.

पहिले पाच दिवस पुस्तक उघडलं की फोन यायचा. भात कच्चा होता, आजी जेवली नाही, तिला विचार काय पाहिजे. खिडकीची जागा कोणाची. गुडघ्याला कोणती गोळी, जेवणाआधी की नंतर. एके दिवशी उर्वशीनं मोजले तर सतरा कॉल झाले होते. अठरावा आला तेव्हा तिनं तो उचलला नाही. अर्ध्या तासानं लावला, तर आईनं फक्त सारनाथचा स्तूप दाखवायला केला होता.

सहाव्या दिवशी सकाळी फोन आला नाही. उर्वशीला बरं वाटलं. दोन धडे झाले. दुपारी तिनं आईला मेसेज टाकला, त्याच्यापुढे एकच टिक. संध्याकाळपर्यंत एकच. धम्मरत्न कामावरून आले, केसांत कापसाचे तंतू तसेच, आणि त्यांनी आधी फोन पाहिला. आपलीही एकच टिक आहे, असं त्यांनी तिला दाखवलं.

तेव्हा कुठं उर्वशीनं मंडळाचा ग्रुप उघडून मागचे मेसेज वाचले. यात्रेचे पुढारी संघदीपदादा. त्यांनी निघायच्या आधीच लिहिलं होतं, की सुनौलीच्या, म्हणजे नेपाळच्या सीमेच्या, पुढे आपले फोन चालणार नाहीत, ज्याला गरज असेल त्यानं आपापली सोय करावी. त्या मेसेजवर तिचाच अंगठा होता. न वाचता दिलेला.

ती तशीच उठून बसस्टँडजवळच्या वाहिदभाईच्या मोबाइलच्या दुकानात गेली. आईच्या फोनचा रिचार्ज तिनं तिथूनच मारला होता.

"वाहिदभाई, तुमी तं म्हने सगळीकडं चालते."

"सगळीकडं म्हणजे हिंदुस्थानात, बेटा." वाहिदभाईनं हातातला उघडलेला फोन बाजूला ठेवला. "कुठी गेली ममताबाई?"

"नेपाळले. लुंबिनीले."

"मंग? नेपाळ फॉरेनच हाय ना. पासपोर्ट लागत नाही म्हनून का देश आपला होते? रोमिंग इथूनच चालू करून जा लागत होतं."

"आता करा ना चालू."

"कसं करू? त्याचा ओटीपी तिच्याच नंबरवर जाते, अन् तो नंबर बंद हाय." त्यानं मान हलवली. "तिथलं सिम घेतलं तं होते. वोटर कार्ड अन् दोन फोटो लागतात. नाही तं कोनाचं वायफाय. पन हे तिले सांगाचं कसं, हाच सवाल हाय."

उर्वशी तशीच घरी परतली. रात्री संघदीपदादांनी मुक्कामावरच्या कोणाच्या तरी फोनवरून आपल्या घरी कळवलं, की सगळे सुखरूप पोचले. तो निरोप गल्लीतून फिरत उर्वशीकडे आला. तिनं बाबांना सांगितला. त्यांनी विचारलं, 'ममता बोलली?' उर्वशीनं नाही अशी मान हलवली. बाबा जेवले, पण फोन ताटाजवळ उताणा ठेवून.

उर्वशीच्या मनाला लागलं ते वेगळंच. आईला बोलता येत नाही असं लोक म्हणत, पण आई दिवसभर बोलायची. फक्त ते कळणारं माणूस समोर लागायचं. आता बत्तीस माणसांच्या बसमध्ये तिला कळणारं कोणी नव्हतं, आणि ते उर्वशीच्या एका न वाचलेल्या मेसेजमुळे.

दुसऱ्या दिवशी दुपारी दीडच्या सुमारास, बाबा कामावर असताना, त्या एका टिकच्या दोन झाल्या. उर्वशीनं ते पाहिलं आणि तिच्या हातातच फोन वाजला.

पडद्यावर आई. मागे रुद्राक्षाच्या, चंदनाच्या माळा टांगलेल्या, पितळी मूर्ती. आईचा चेहरा पाहूनच उर्वशी उभी राहिली. ममताचे हात इतके भराभर चालले होते, की तिला दोनदा 'सावकाश' म्हणावं लागलं.

आजी हरवली होती. मायादेवी मंदिराच्या बाहेर ममता चपला घ्यायला वळली, तेवढ्यात इंदूबाई दिसेनाशी झाली. त्या दिवशी महाराष्ट्रातून आणखी तीन-चार बसगाड्या आल्या होत्या, आणि झाडून सगळ्या बायकांच्या अंगावर पांढरं लुगडं. ममतानं पन्नास पाठी वळवून पाहिल्या. हाक मारता येत नव्हती. ती दोनदा ओरडली, पण तो आवाज ऐकून माणसं बाजूला झाली, जवळ कोणी आलं नाही. संघदीपदादा उरलेल्या लोकांना घेऊन लांबच्या विहारांकडे गेले होते. चार वाजता सगळ्यांनी बसपाशी जमायचं होतं, आणि बस कुठे उभी आहे ते आजीला माहीत नव्हतं.

मग ममता एका माळांच्या दुकानात शिरली. तिनं कागद मागून त्यावर हिंदीत लिहिलं, की मी बहिरी आहे, माझी सासू हरवली आहे, मला माझ्या मुलीशी बोलायचं आहे. नेपाळीची अक्षरंही आपल्यासारखीच. दुकानवालीनं ते वाचलं, आपल्या फोनचा हॉटस्पॉट चालू केला आणि पासवर्ड त्याच कागदावर लिहून दिला.

"क्या बोल रही है?" दुकानवालीनं पडद्यात डोकं घातलं. मध्यमवयीन, नाकात फुली. फूलमती तिचं नाव, ते तिनंच सांगितलं.

उर्वशीनं हिंदीत सगळं सांगितलं. फूलमती म्हणाली, तिकिटाच्या खिडकीजवळ चौकशीची खोली आहे, तिथं भोंगा आहे, तिथून पुकारा करता येईल.

उर्वशीनं ते आईला हातांनी सांगितलं. ममतानं लगेच मान हलवली. 'ती हिंदी पुकारा ऐकणार नाही. कोणी तरी काही तरी ओरडतंय म्हणेल. तू बोल.'

'मी? मी इथं आहे.'

'तुझा आवाज तिथं. तुझा आवाज ती ओळखते.' मग थोडं थांबून, 'मला आवाज नाही. तुला आहे.'

ममता फोन घेऊन निघाली तर दहा पावलांवर चित्र थिजलं. हॉटस्पॉट दुकानात, फोन रस्त्यावर. उर्वशी थिजलेल्या पडद्याकडे बघत राहिली, "आई, आई" म्हणत, जणू ती ऐकणारच होती. दोन मिनिटांनी चित्र पुन्हा हललं. फूलमतीनं शेजारच्या दुकानदाराला आपल्या दुकानाकडे लक्ष ठेवायला सांगितलं होतं आणि ती ममताच्या बरोबरीनं चालत होती, आपला फोन छातीशी धरून.

चौकशीच्या खोलीतल्या माणसानं उर्वशीचं म्हणणं नीट ऐकून घेतलं. त्याला पुकाऱ्यासाठी नाव हवं होतं, वय हवं होतं. ते झाल्यावर त्यानं माइकजवळ फोनचा आवाज मोठा केला आणि म्हणाला, "बोलिए."

नेरच्या ओसरीवर, पुस्तक पालथं टाकलेलं, शेजारणीची कोंबडी पायात, आणि उर्वशीनं फोन तोंडाजवळ घेतला.

"आजी," ती म्हणाली. तिचाच आवाज तिला पलीकडून उशिरानं, मोठा होऊन ऐकू आला. "ओ आजी! मी उर्वशी बोलून राह्यली. नेरची उर्वशी. तू जिथी असशील तिथीच खाली बसून जाय. कोनाच्या संगं जाऊ नको. आई तुले शोधून राह्यली. बाजूले कोनी असन त्याले सांग, का मी हरवली हावो. आयकून राह्यली ना वं?"

तिनं ते तीनदा म्हटलं. मग पाच मिनिटांनी पुन्हा. फूलमतीचा डेटा संपत आला होता. तिनं तिथंच उभ्या उभ्या नवा टाकला. उर्वशी नको नको म्हणाली तर तिनं तिकडे लक्षच दिलं नाही. ममता दारात उभी राहून बाहेरचा रस्ता बघत होती. पुकारा झाला की नाही, हे तिला त्या माणसाच्या तोंडाकडे बघूनच कळत होतं.

पाऊण तासानं बॅटरीवर चालणारी एक रिक्षा येऊन थांबली. तीत परभणीकडच्या चार बायका, आणि मधे इंदूबाई. त्यांच्या घोळक्यात पांढऱ्यात पांढरं मिसळून ती मंदिरापुढच्या लांब कालव्याच्या पार टोकापर्यंत जाऊन पोचली होती. भोंगा ऐकला, पण खाली काही बसली नाही. माझी नात आली, मला तिकडे न्या, म्हणून तिनं त्या बायकांना जेरीला आणलं होतं. खाली उतरल्या उतरल्या तिनं आजूबाजूला पाहिलं.

"कुठी हाय पोरगी? आत्ता तं बोलून राह्यलती!"

फूलमतीनं तिच्यासमोर ममताचा फोन धरला. इंदूबाई पडद्याकडे बघत राहिली आणि तिच्या डोळ्यांना पाणी आलं. "तू नेरलेच हाय का वं? मले वाटलं, आली."

उर्वशीला आधी रागवायचं होतं, पण तिच्या तोंडून दुसरंच निघालं. "आजी, पाय दुखते का?"

"दुखते तं." एवढं म्हणून इंदूबाई ममताकडे वळली.

उर्वशी तयारीत राहिली. आता दोघींचं भांडण तिच्यातूनच जाणार होतं. पण फोन फूलमतीच्या हातात तिरका झाला होता आणि दोघींपैकी कोणीच त्याच्याकडे पाहिलं नाही. इंदूबाईनं ममताच्या दंडावर एक चापट मारली. मग दोन बोटं डोळ्यांशी नेऊन ती जमिनीकडे वळवली आणि मूठ छातीवर ठेवली. ममतानं तेच उलट करून दाखवलं आणि वर काही तरी जोडलं. इंदूबाई हसली. ती खूण उर्वशीला ओळखता आली नाही. ती हातांच्या भाषेतली नव्हती, घरातलीही नव्हती. दोन दिवसांत दोघींनी आपसात काही तरी जमवलं होतं, आणि ते तिला न विचारता.

तिला हायसं वाटलं, आणि थोडं लागलंही. दोन्ही एकदमच.

मग कॉल कट झाला. फूलमतीला दुकानात परत जायचं होतं.

साडेचारला नेपाळच्या नंबरावरून मेसेज आला. ममतानं सिम घेतलं होतं, मतदान कार्ड दाखवून. फूलमतीच तिला दुकानापर्यंत घेऊन गेली होती, आणि ममतानं तिच्याकडून पाच माळा विकत घेतल्या होत्या. 'आजी बसमध्ये आहे. पाय शेकला. तू अभ्यास कर,' असं शेवटी लिहिलेलं. संध्याकाळी एकच व्हिडिओ कॉल झाला, चार मिनिटांचा. पुढचे पाच दिवसही दिवसाला एक-दोनच झाले. परीक्षेच्या दिवसांत उर्वशीला एकदा वाटलं, आपला फोन नीट चालू आहे ना. त्यांच्याकडे रेंज होती. बोलायचं फक्त कमी उरलं होतं.

आजी सापडली त्या दिवशी सहाला धम्मरत्न घरी आले. उर्वशीनं त्यांना पहिल्यापासून सगळं सांगितलं, मेसेज न वाचल्याचंही. ते ऐकून, म्हणजे बघून, त्यांनी ओठ आवळले, पण रागावले नाहीत. मग त्यांनी विचारलं, 'भोंग्यावर तू काय बोललीस?'

तिनं हातांनी सांगितलं. त्यांनी पुन्हा सांगायला लावलं.

'आवाज किती लांब गेला?'

तिनं दोन्ही हात पसरले. मग ओसरीवरून उठून अंगणात गेली, फाटकाबाहेर गेली, आणि रस्त्याच्या पार टोकाकडे, कापसाच्या गाड्या उभ्या होत्या त्याच्याही पलीकडे बोट दाखवलं.

धम्मरत्न तिकडे बराच वेळ बघत राहिले. दुसऱ्या दिवशी जिनिंगमध्ये मशीनी सुरू असताना त्यांनी सोबतच्या देवीलालला खुणेनं सांगितलं, की माझ्या मुलीचा आवाज लुंबिनीत वाजला. देवीलालला अर्धंच कळलं. म्हणून त्यांनी पुन्हा सांगितलं.