घशातला पुंजका

डॉक्टर सुरभींनी जोहराबीची जीभ कापडानं धरून घशात आरसा घातला. आरसा बाहेर येताच जोहराबीनं विचारलं,

"दिसला का कापूस?"

"कसला कापूस?"

जोहराबी आर्णीची पिंजारीण. नवरा जलाल होता तोवर दोघं मिळून गाद्या भरत. तो गेल्यावर पिंजायचं यंत्र ती एकटीच चालवायची. पिंजताना कापूस नाकातोंडात जायचाच. तो घशात बसला की गुळाचा खडा खायचा, म्हणजे खाली उतरतो, हे त्यांचं घरचं औषध. घास अडकायला लागला तेव्हा तिनंही गूळ सुरू केला. पण हा पुंजका भलताच चिवट निघाला. शेवटी शेजारीण कॅन्सरचं नाव काढून बसली, आणि जोहराबी धास्तावून यवतमाळच्या एसटीत बसली.

दुपारी स्कॅनचे फोटो आले.

"कापूस नाही आजी, चरबीची गाठ आहे. अंगावर मऊ गाठ येते ना, तशी. कॅन्सर नाही. पण वाढली तर श्वास कोंडेल, म्हणून काढून टाकू."

जोहराबीच्या जिवात जीव आला.

"आवाज असा कधीपासून झाला? गरम घास तोंडात धरून बोलल्यासारखा?"

"मले तं ध्यानातच नाही आलं, बाई."

"घरात कोणी म्हणालं नाही?"

"घरी कोनी नाही. बोलू कोनासंग?"

"मग ऑपरेशनला सोबत कोण येईल?"

"पोरगा हाय ना. हैदराबादले." जणू तो बाहेरच्या बाकावरच बसला होता, इतक्या झटक्यात तिनं सांगितलं.

मुलगा नौशाद दोन वर्षांपूर्वी हैदराबादला गेला होता. कापूस मातीमोल झाला होता, तरी गादी भरून घ्यायला कोणी फिरकत नव्हतं. फोमच्या गाद्यांच्या दुकानात त्याला काम मिळालं. यंत्र विक आणि सोबत चल, म्हणाला. फोमवर मेलेसुद्धा झोपत नाहीत, असं ती फटकन बोलून गेली. तेव्हापासून अबोला. मायलेक दोघंही सारखेच हट्टी. त्याच्या आठवणीनं तिचा जीव तुटायचा, पण तसं म्हणायला तोंड उघडत नव्हतं.

दवाखान्याबाहेरच्या फोनच्या डब्यात रुपया टाकून तिनं त्याचा नंबर लावला.

"कौन?"

"मैं."

"मैं कौन?"

"अरे, मैं. आर्णी से."

 पलीकडे नौशादचा आवाज कापायला लागला.

"आर्णी से? अम्मी को क्या हुआ?"

जोहराबीनं रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. पोटच्या पोरानं आवाज ओळखला नव्हता. आणि घाबरला होता, तोही तिच्यासाठीच.

"बोलो ना! अम्मी ठीक है ना?"

आजूबाजूला कोणी ऐकत नाही, हे तिनं पाहून घेतलं. मग एखाद्या परक्या बाईसारखी ती सावकाश म्हणाली,

"ठीक है. तेरी बहुत याद करती."