टर्बोला वेटिंग आहे

देवदत्तनं गाडी घ्यायचं मनावर घेतलं आणि स्नेहलतागंजातल्या त्याच्या घरी रोजचा चहा गार होऊ लागला. विमा कंपनीत नोकरी करणारा हा सरळमार्गी माणूस. भाजीवाल्याशीसुद्धा कधी घासाघीस न करणारा. पण सेडान म्हटल्यावर त्याच्या अंगातच आलं. कानात इयरफोन, डोळे मोबाइलवर आणि समोर साय धरलेला कप. त्याला आवडलेली गाडी दोन इंजिनांत मिळत होती, एक साधं आणि एक टर्बो. सगळं घोडं तिथेच अडलं होतं.

गाडी हवी होती ती आईसाठी. शशिकलाबाईंची थोरली बहीण, सरलामावशी, धुळ्याला अंथरुणाला खिळली होती. हृदय थकलं होतं तिचं. दोघी बहिणींची कित्येक वर्षांत भेट नव्हती. बसमध्ये शशिकलाबाईंना उलट्या होत, गुडघे धड वाकत नसत, आणि घरातली जुनी छोटी गाडी विकून झाली होती. "एकदा ताईला डोळे भरून बघू दे रे, मग माझं काही मागणं नाही," असं त्या म्हणाल्या आणि त्याच दिवशी देवदत्त शोरूमला पोचला. आईचं मन मोडणारा तो मुळीच नव्हता.

शोरूममधल्या पलकनं त्याला दोन्ही गाड्या बायपासवर चालवून पाहू दिल्या. "सर, साधी वाली तो रेडी है, सफेद में. शनिवार को ले जाइए," ती म्हणाली. "टर्बो को वेटिंग है, डेढ़-दो महीना." पण टर्बोत पाय दाबल्याबरोबर देवदत्तची पाठ सीटला चिकटली होती. त्यानंतर त्याला दुसरं काही सुचेना.

"आई, इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक पंखा फिरतो आणि तो आत जास्तीची हवा ढकलतो," रात्री जेवताना तो समजावू लागला. "पाच माणसं, सामान, एसी चालू, तरी दम लागत नाही. साधी वाली धुळ्याच्या वाटेवर बिजासनच्या घाटात ट्रकच्या मागे हाँफत बसेल."

"मला काय, बसायचंच तर आहे," शशिकलाबाई म्हणाल्या. "ती सफेद आणली तर याच इतवारी जाता येईल ना?"

"एकदाच घ्यायची तर ढंगाची घेऊ ना, आई. थोडं रुक."

"मग आत्ता टॅक्सी करून आईंना नेऊन आणा," त्याची बायको मधुवंती म्हणाली. "गाडी यायची तेव्हा येईल."

देवदत्त चिडला. "इतक्या सालांनी मावशीच्या दारात जायचं आणि भाड्याच्या गाडीतून उतरायचं?"

खरं दुखणं हे होतं. घाट आपला उगीच बदनाम.

शशिकलाबाईंना वाटलं, मुलगा एवढ्या हौसेनं करतोय, त्यात मोडता कसा घालायचा? त्या रोज संध्याकाळी फोनवर बहिणीला सांगू लागल्या, "ताई, टर्बो आहे गं. जोर जास्त असतो म्हणे. आली की निघालोच." पलीकडे मावशीचा मुलगा नंदू तिच्या कानाशी फोन धरून बसे. एकदा त्यानं देवदत्तला फोनवर बोलावून घेतलं. "दादा, जमलं तर येऊन जा," एवढंच म्हणाला. आपल्या लोकांत अशा वेळी 'जमलं तर' म्हणजे 'ताबडतोब', हे पन्नाशीच्या माणसाला कळायला हवं होतं. "बस, गाडी आली की आलोच भिया," देवदत्तनं हसत सांगून टाकलं.

मावशी सोमवारी पहाटे गेली. गाडी बुधवारी आली.

मावशी गेल्याचा फोन आला तेव्हा देवदत्त घाईघाईनं टॅक्सीचा नंबर शोधू लागला. शशिकलाबाईंनी त्याचा हात धरला. "आता कशाला घाई करतोस?" त्या म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तेच त्याला सोसेना.

नव्या गाडीला हार घातला नाही, पेढे वाटले नाहीत. तेराव्याला ती न्यायची त्याला लाज वाटत होती, पण आईनं ऐकलं नाही. "मी ताईला सांगितलंय, यातूनच येते म्हणून."

गाडी उत्तम होती, त्यात शंकाच नाही. सेंधवा सोडल्यावर ट्रकांची रांग लागली. देवदत्तनं पाय दाबला आणि सगळे ट्रक मागे राहिले. "घाट कळलाच नाही रे," मुलाला बरं वाटावं म्हणून शशिकलाबाई म्हणाल्या. पुढच्या ढाब्यावर पाण्याच्या निमित्तानं देवदत्त उतरला, मागच्या बाजूला गेला आणि पोटभर रडला.

मावशीची गल्ली अरुंद. दोन्ही बाजूंना मोटरसायकली दाटीनं लावलेल्या. फक्त तिच्या दारासमोर एक मोठी गाडी मावेल एवढी जागा मोकळी होती. नंदू पुढे होऊन हातानं 'येऊ दे, येऊ दे' करत होता. देवदत्तनं काच खाली केली.

"अरे, आमच्यासाठी कशाला जागा रिकामी केलीस? बाहेर रस्त्यावर लावली असती."

"आज नाही केली, दादा," नंदू म्हणाला. "आईनं खाट खिडकीशी ओढून घेतली होती. शशीची गाडी येतेय म्हणायची, इथं कुणाला स्कूटरसुद्धा लावू द्यायची नाही. शेवटी आवाज फुटत नव्हता, तर हातानं हाकलायची. ती गेली तरी गल्लीत अजून कुणी लावत नाही."

देवदत्तनं गाडी त्या जागेत घातली. बरोबर मावली. शशिकलाबाईंनी दार उघडलं आणि बसल्या जागेवरूनच त्या रिकाम्या खिडकीकडे पाहिलं.

"ताई, आले गं मी," त्या म्हणाल्या.

देवदत्तला गाडीतून उतरता येईना.